गव्हाच्या शेताचा चित्रकार

अंधेरी-मुलुंडकडे जेथें एके काळीं भातशेतें डोलत, तेथें आज एखाद्या घरांत पिवळ्या गव्हाच्या शेताचें, हातानें नक्कल केलेलें चित्र दिसतें. मूळ चित्र व्हिन्सेंट व्हॅन गॉग याचें.

व्हिन्सेंटचा जन्म ३० मार्च १८५३ रोजीं हॉलंडांत एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. तरुणपणीं तो बेल्जममधील कोळशाच्या खाणींतील मजुरांत धर्मोपदेश करूं लागला. स्वतःचे कपडे गरिबांस वाटून तो गवतावर निजे. परंतु १८७९ मध्यें वरिष्ठांनीं त्याची नेमणूक पुढें चालविली नाहीं. तेव्हां सत्ताविसाव्या वर्षीं त्यानें चित्रकार होण्याचा निश्चय केला. धाकटा भाऊ थिओ त्यास खर्चास पैसे पाठवी. शेतकऱ्यांचा चित्रकार मिले याच्या कृतींच्या नकला करण्यांत व्हिन्सेंटला कधीं कमीपणा वाटला नाहीं.

१८८९ मध्यें मनोविकारामुळें तो फ्रान्समधील सँ-रेमी येथील रुग्णालयांत राहिला. तेथेंच त्यानें वाऱ्यानें हेलावणारें पिकलेलें शेत व त्याशेजारील सुरूसारखे उंच वृक्ष रंगविले. सप्टेंबरांत तेंच चित्र त्यानें आणखी दोनदां काढलें. त्यांतील लहान प्रत आई व बहिणीसाठीं होती.

२९ जुलै १८९० रोजीं, अवघा ३७ वर्षांचा असतां, तो वारला. हयातींत त्याचीं फारच थोडीं चित्रें विकलीं गेलीं. सहा महिन्यांत थिओही गेला. त्याची पत्नी योहाना हिनें चित्रें व पत्रें जपलीं, आणि कीर्ति मागाहून आली.

विद्यार्थ्यांनीं भिंतीवरील नक्कल पाहतांना ध्यानांत ठेवावें कीं, या शेताच्या पहिल्या नकला खुद्द चित्रकारानेंच केल्या, आणि त्यांतील एक आपल्या आईसाठीं.