मोडेनाचा रथकार

इटलीच्या उत्तर भागात, पो नदीच्या विस्तीर्ण मैदानात, मोडेना नावाचे प्राचीन नगर आहे. तेथे आल्फ्रेडो फेरारी नावाच्या कारागिराचा लोखंडकामाचा एक लहानसा कारखाना होता. त्याच्या घरी फेब्रुवारी १८९८ मध्ये एका पुत्राचा जन्म झाला. त्याचे नाव एन्झो. घणाचे घाव ऐकतच हा मुलगा लहानाचा मोठा झाला. तो दहा वर्षांचा असताना, १९०८ साली, वडिलांनी त्याला बोलोन्या येथे मोटारींची शर्यत पाहावयास नेले. धूळ उधळीत, गर्जना करीत धावणाऱ्या त्या गाड्यांनी त्याचे चित्त कायमचे वेधून घेतले.

परंतु सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. १९१६ साली वडील न्यूमोनियाने वारले आणि पाठोपाठ भाऊही मृत्यू पावला. तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. एन्झोला सैन्यात जावे लागले. तेथे त्याच्या वाट्यास खेचरांना नाल ठोकण्याचे काम आले. पुढे तो स्वतःही गंभीर आजारी पडला. बरा झाल्यावर तो नोकरीच्या शोधार्थ ट्युरिन शहरी गेला. पण फिआट या मोठ्या कारखान्याने त्याला काम नाकारले. थंडी कडाक्याची होती आणि खिसा रिकामा होता. व्हॅलेंटिनो उद्यानातील एका बाकावर बसून त्या निराधार तरुणाने अश्रू ढाळले.

तथापि त्याने धीर सोडला नाही. मिळेल ते काम करीत तो शर्यतीत गाड्या चालवू लागला आणि १९२० साली आल्फा रोमिओ या कंपनीत दाखल झाला. १९२३ साली त्याने राव्हेना येथील शर्यत जिंकली. त्यानंतर त्याचा परिचय फ्रान्चेस्को बाराक्का या दिवंगत वीर वैमानिकाच्या माता-पित्यांशी झाला. बाराक्काच्या विमानावर उसळत्या घोड्याचे चित्र असे. ते चिन्ह आपल्या गाड्यांवर लावावे, असे वीरमातेने त्याला सुचविले. काळ्या घोड्यामागे मोडेनाचा पिवळा रंग भरून फेरारी यांनी ते आपले केले.

१९२९ साली त्यांनी मोडेना येथे स्वतःचा शर्यतसंघ स्थापन केला. १९३९ साली त्यांनी आल्फा रोमिओ कंपनी सोडली, तेव्हा चार वर्षे आपल्या नावाने शर्यतीत न उतरण्याची अट त्यांना मान्य करावी लागली. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, त्यांनी आपला कारखाना जवळच्या मारानेल्लो गावी हलविला. त्यावर बॉम्ब पडले. फेरारी यांनी तो पुन्हा उभारला. १९४७ साली त्यांच्या नावाची पहिली गाडी, १२५ एस, तेथून बाहेर पडली. तिचे इंजिन अवघे दीड लिटरचे, पण बारा सिलिंडरांचे होते. मे महिन्यातील पहिल्याच शर्यतीत ती मध्येच बंद पडली. दोन आठवड्यांनी रोमच्या शर्यतीत तिने पहिला क्रमांक मिळविला. त्याच वर्षी ट्युरिनच्या व्हॅलेंटिनो उद्यानातही फेरारींची गाडी विजयी झाली. त्या दिवशी ते पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसले.

यशाबरोबर दुःखेही आली. १९५६ साली त्यांचा चोवीस वर्षांचा पुत्र डिनो दीर्घ आजाराने निवर्तला. १९५७ साली मिल्ले मिल्या या शर्यतीत त्यांची एक गाडी प्रेक्षकांत घुसली. दोघे स्वार आणि नऊ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. त्यांत पाच बालके होती. फेरारींवर खटला भरण्यात आला आणि १९६१ साली ते निर्दोष ठरले. पण गेलेले जीव परत आले नाहीत.

फेरारी यांची दृष्टी सदैव पुढच्या शर्यतीकडे असे. जुन्या गाड्यांविषयी त्यांना ममता नव्हती. हंगाम संपला की त्या विकल्या जात, किंवा मोडून त्यांचे भाग दुसऱ्या गाड्यांत वापरले जात. त्यामुळे पहिली १२५ एस आज तिच्या मूळ रूपात उरलेली नाही. कारखान्याला पुढे तिची प्रतिकृती घडवावी लागली. १९६२ ते १९६४ या काळात २५० जीटीओ जातीच्या केवळ ३६ गाड्या तयार झाल्या. शर्यतीचे दिवस सरल्यावर त्या अल्प किमतीत हातोहात विकल्या गेल्या. त्यांपैकीच एक गाडी २०१८ साली अमेरिकेतील लिलावात ४ कोटी ८४ लक्ष डॉलरांना विकली गेली.

असे मोल केवळ झगझगीत रंगाला येत नाही. सांगाड्यावर आणि इंजिनावर ठोकलेले क्रमांक कारखान्याच्या नोंदवहीशी जुळावे लागतात. गाडी कोणी, कोठे चालविली याचा अखंड इतिहास असावा लागतो. मोडेनाचे कारागीर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा हातोडीने ठोकून घडवीत. म्हणून गाडीच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नसत. जीर्णोद्धार करणाऱ्याने त्या अगदी सारख्या केल्या, तर गाडी सुंदर दिसेल. परंतु ती पूर्वीची राहणार नाही. जो आपल्या कौशल्याला आवर घालून मूळ कारागिराच्या हाताचा मान राखतो, तोच खरा जीर्णोद्धारक होय. २००६ साली फेरारी कारखान्यानेही जुन्या गाड्यांची पारख करून त्यांना अस्सलपणाचा दाखला देणारा स्वतंत्र विभाग उघडला.

१४ ऑगस्ट १९८८ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, एन्झो फेरारी यांनी मोडेना येथेच देह ठेवला. त्यांनी आयुष्यभर नवे घडविले, पण जुने जपले नाही. ते जपण्याचे काम इतरांनी पत्करले. घडविणाऱ्यास धाडस लागते आणि जपणाऱ्यास निष्ठा. या दोहोंचा योग झाला, म्हणूनच मोडेनाच्या रथकाराची कला आज जगाला पाहावयास मिळते.