मोशे बिन मैमून व दानाच्या आठ पायऱ्या

दान करणे पुष्कळांस साधते. परंतु घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही अशा रीतीने ते करणे थोड्यांसच साधते. यहूदी लोकांस ही गोष्ट ज्यांनी फार स्पष्टपणे शिकविली, त्या मोशे बिन मैमून यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवितो.

त्यांचा जन्म स्पेन देशातील कोर्दोवा नगरात इ. स. ११३८ च्या सुमारास झाला. वडील मैमून हे यहूद्यांचे न्यायाधीश व मोठे विद्वान होते. मोशे दहा वर्षांचे असता, इ. स. ११४८ मध्ये, अल्मोहाद नावाच्या राज्यकर्त्यांनी ते नगर घेतले व यहूद्यांवर धर्म सोडण्याचे संकट आले. घरदार टाकून हे कुटुंब वर्षानुवर्षे फिरले, आणि मोरोक्कोतील फेज व पुढे पवित्र देश, असे करीत शेवटी मिसर देशात कैरोजवळ फुस्तात येथे राहिले.

इ. स. ११६८ मध्ये यरुशलेमच्या ख्रिस्ती राजाच्या सैन्याने मिसरातील बिलबैस नगर लुटले व पुष्कळ यहूद्यांस बंदिवान केले. त्यांच्या सुटकेसाठी मोशे यांनी ठिकठिकाणच्या मंडळ्यांस पत्रे लिहून द्रव्य मागितले. भुकेल्यास अन्न देण्याच्याही आधी बंदिवानास सोडवावे, कारण तो भुकेला, उघडा व मरणाच्या भयात असा सर्वच असतो, असा नियम पुढे त्यांनी आपल्या ग्रंथात लिहिला.

मग त्यांच्याच घरावर घाला आला. धाकटा भाऊ दावीद व्यापार करी व त्यावर घर चाले. तो हिंदुस्थानाकडे जात असता त्याचे जहाज समुद्रात बुडाले. कुटुंबाचे व इतरांचेही द्रव्य गेले. मागे विधवा व लहान मुलगी राहिली. मोशे सुमारे एक वर्ष अंथरुणास खिळले होते. उठल्यावर पोटासाठी त्यांनी वैद्यकी धरली. कारण शास्त्राच्या विद्येवर उपजीविका करणे त्यांस मान्य नव्हते. विद्वान मनुष्यास दारिद्र्य आले, तर त्याने बाजारात मेलेल्या जनावराचे कातडे सोलून मजुरी घ्यावी, पण मोठेपणा सांगून लोकांच्या दानावर बसू नये, असे ते शिकवीत. श्रमाने मनुष्य हलका होत नाही, हे त्यांचे मत होते.

यहूदी नियमांचा त्यांचा चौदा भागांचा ग्रंथ इ. स. ११८० च्या सुमारास पुरा झाला. त्यात गरिबांच्या हक्काचे नियम शेतापासून सुरू होतात: शेताचा कोपरा कापू नये, सरवा वेचू नये, ते गरिबांचे आहे. यहूद्यांच्या भाषेत दानास जो शब्द आहे, तो न्याय या अर्थाच्या शब्दापासूनच निघाला आहे. म्हणून दान हा उपकार नव्हे, देणे होय. जो स्वतः दानावर जगतो त्यानेही त्यातून काही द्यावे, असाही नियम आहे.

त्याच ग्रंथात दानाच्या आठ पायऱ्या आहेत. कुरकुरत देणारा सर्वांत खाली. त्याच्या वर थोडे पण हसतमुखाने देणारा. मग मागितल्यावर देणारा. मग मागण्यापूर्वी देणारा. त्याहून वर, घेणारा देणाऱ्यास ओळखतो पण देणारा घेणाऱ्यास ओळखत नाही. त्याहून वर, देणारा गुपचूप गरिबाच्या दारात टाकून जातो. त्याहून वर, दोघेही एकमेकांस ओळखत नाहीत. आणि सर्वांत वरची पायरी ही, की पडणाऱ्याचा हात धरून त्यास देणगी किंवा कर्ज द्यावे, भागीदार करावे अथवा काम मिळवून द्यावे, म्हणजे त्यास हात पसरावा लागणार नाही.

पुढे ते सुलतान सलाहुद्दीन याच्या दरबारी वैद्य झाले. इ. स. ११९९ मधील एका पत्रात त्यांनी आपला दिवस वर्णिला आहे. रोज सकाळी कैरोस जावे, दुपारनंतर भुकेलेले परतावे, तो ओसरीत यहूदी व परराष्ट्रीय, थोर व सामान्य, मित्र व शत्रू असे रोगी भरलेले. हात धुऊन, दोन घास खाऊन, रात्र पडेपर्यंत ते त्यांस औषध सांगत. कधी थकून आडवे पडूनच सांगत.

इ. स. १२०४ मध्ये फुस्तात येथे ते निवर्तले. गालीलातील तिबिर्या येथे त्यांची कबर दाखवितात.

वाचकहो, पेरणीच्या दिवसांत शेजाऱ्यास बियाणे देऊन जो चारचौघांत त्याचा उच्चार करीत नाही, तो या शिडीवर कोठे उभा आहे, हे ज्याचे त्याने पाहावे.