सायकलीच्या दुकानापासून नांगराच्या फाळापर्यंत : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

आमच्या हिंगोलीत एके काळी तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने होती. आम्हीही लहानपणी खिशातील नाणी मोजून, कोपरे-गुडघे फोडून घेत, अशाच एका दुकानाच्या सायकलीवर तोल सांभाळावयास शिकलो. आता भाड्याने सायकल मागणारा विरळाच. गेल्या वर्षी आमच्या वर्गातील एका मुलाच्या वडिलांनी आपले जुने सायकल-दुरुस्तीचे दुकान बंद केले, तेव्हा त्या मुलाने मधल्या सुट्टीत येऊन आम्हांस विचारले, की वडिलांचे नेमके काय चुकले? प्रश्न साधा होता. परंतु उत्तर आम्हांस तत्काळ देता आले नाही. धंदा चुकीने बुडतो तसा चूक नसतानाही बुडतो, हे चौदा वर्षांच्या मुलास कसे सांगावे? पुढे ह्याच विचारात असता लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांचे चरित्र आम्हांस पुन्हा चाळावेसे वाटले. ह्या गृहस्थांचे नाव नांगराशी व पंपाशी जोडलेले सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या उद्योगाचा आरंभ सायकलीच्या दुकानापासून झाला, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर ह्या गावी झाला. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही ह्याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. मुलाचे लक्ष मात्र पोथीत नव्हते व शाळेच्या पुस्तकांतही नव्हते. ते होते चित्रे काढण्यात आणि यंत्रे उघडून पाहण्यात. वडिलांची नाराजी पत्करून ते १८८५ साली मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. थोरले बंधू रामचंद्र, ज्यांस सर्व जण रामूअण्णा म्हणत, ते पाठीशी उभे राहिले. परंतु लवकरच असे ध्यानात आले, की लक्ष्मणरावांच्या डोळ्यांस काही रंगांतील भेद ओळखता येत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणास ह्याहून मोठा आघात कोणता? रंग सोडावे लागले, रेषा राहिल्या. ते यांत्रिक रेखाकलेकडे वळले व पुढे व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले.

मुंबईच्या रस्त्यावर एक मनुष्य दोन चाकांवर बसून चाललेला त्यांनी पाहिला आणि ते त्या वाहनाच्या मोहात पडले. तो काळच सायकलीच्या नव्या जन्माचा होता. पुढचे चाक पुरुषभर उंच व मागचे ताटाएवढे, ही जुनी धोक्याची सायकल मागे पडून, १८८५ साली इंग्लंडात स्टार्ली ह्याने सारख्या चाकांची व साखळीची रोव्हर सायकल पुढे आणली होती. १८८८ साली डनलॉप ह्याने हवा भरलेल्या टायरचा हक्क नोंदविला. त्याच १८८८ साली बेळगावास ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही पाटी लागली. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली घ्याव्या, बेळगावास पाठवाव्या. रामूअण्णांनी त्या विकाव्या आणि विकत घेणारास चालवावयासही शिकवावे, अशी वाटणी होती. त्या वेळी एका सायकलीस सातशे ते हजार रुपये पडत, व शिकविण्याचे पंधरा रुपये निराळे घेतले जात, असे सांगतात. ह्या रकमेकडे पाहिले म्हणजे ग्राहक कोण असावेत, हे सांगावयास नको. बेळगाव हे लष्करी ठाण्याचे गाव. साहेब, वकील, मोठे अधिकारी, सावकार ह्यांचेच ते खेळणे. हिंगोलीसही त्या काळी निजामाच्या फौजेची छावणी होती. तेथील एखाद्या साहेबाच्या बंगल्यापुढे अशी सायकल उभी राहिली असती, तर सारा गाव पाहावयास लोटला असता, ह्यात शंका नाही.

आता ह्या धंद्यातील मेख पाहा. वस्तू महाग, ग्राहक मोजके, माल सारा परदेशी. गावातील दहा-वीस श्रीमंतांनी सायकली घेतल्या, की पुढचा ग्राहक आणावयाचा कोठून? आणि किंमत उतरली, तर ग्राहक वाढतात खरे, पण तशीच दुकानेही वाढतात आणि नफा पातळ होतो. हे केवळ बेळगावातच घडले असे नव्हे. साऱ्या जगात घडले. १८९६ साली इंग्लंडात सायकल-कंपन्यांच्या भागांसाठी लोक वेडे झाले. हूली नावाच्या एका गृहस्थाने डनलॉपची कंपनी तीस लक्ष पौंडांस घेऊन काही आठवड्यांतच पन्नास लक्षांस लोकांपुढे ठेवली. १८९७ साली भाव कोसळले आणि १८९८ साली हूलीचे दिवाळे वाजले. अमेरिकेत शंभर डॉलरांची सायकल पाहता पाहता स्वस्त झाली. गोदामे मालाने भरली व गिऱ्हाईक फिरकेना. १८९९ साली चाळीसांहून अधिक कारखान्यांनी एकत्र येऊन मोठा संघ उभारला, तोही १९०२ साली बुडाला. वाईट सायकली केल्या म्हणून हे लोक बुडाले नाहीत. ज्याला घेणे परवडत होते त्याने एकदा घेतली, आणि मग लोकांचे मन दुसरीकडे गेले.

लक्ष्मणरावांकडे वळू. मुंबईस नोकरीत बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांस डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास ती जागा देण्यात आली. हा अपमान गिळून पगार घेत राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी राजीनामा दिला व बेळगावचा रस्ता धरला. पदरी पत्नी राधाबाई, हाती थोडीशी शिल्लक, आणि भरवसा काय तो भावाच्या दुकानाचा. आज आम्ही ह्या गोष्टीचे कौतुक करतो. परंतु त्या घरातील माणसांनी त्या रात्री काय विचार केला असेल, ह्याची कल्पना आमच्या वाचकांतील पालकच अधिक करू शकतील.

बेळगावास आल्यावर दोघा भावांनी परक्याने केलेली वस्तू विकण्यापेक्षा स्वतः वस्तू करावी, असे ठरविले. आणि तीही मूठभर साहेबांच्या हौसेची नव्हे, तर लक्षावधी शेतकऱ्यांच्या गरजेची. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र केले. जोंधळ्याचा अखंड कडबा गुरांपुढे टाकला, की निम्मा पायांखाली तुडविला जातो. कापून घातला, की वाया जात नाही. आमच्या जिल्ह्यातील कोणत्याही शेतकऱ्यास हे सांगावे लागणार नाही. नंतर १९०३ साली लोखंडी नांगर तयार झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत विमान उडविणारे राइट बंधूही सायकलीचेच दुकानदार होते.

नांगर झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीस विष होते, अशी समजूत होती, व पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली. पुस्तकांतून ह्या ठिकाणी शेतकऱ्याच्या अज्ञानास हसण्याची चाल आहे. आम्हांस ते योग्य वाटत नाही. लाकडी नांगर गावचा सुतार करून देई व त्याचा मोबदला सुगीला धान्याच्या रूपाने जाई. लोखंडी नांगरास रोख पैसा लागे, आणि रोख पैसा सावकाराकडून येई. शिवाय तो मोडला तर गावात दुरुस्त करणारा कोण? ज्याच्या घरी वर्षाच्या अखेरीस चार पायली धान्य उरावयाचे, त्याने नव्या वस्तूकडे संशयाने पाहिले तर तो मूर्ख नव्हे, सावध होय. काळ्या जमिनीत हरळीची मुळे खोल जातात; ती लोखंडी फाळाने उपटून वर येतात, आणि माती उलटी पडते, हे शेजारच्या शेतात डोळ्यांनी दिसले, तेव्हाच मागणी आली.

मागणी येऊ लागते न लागते तोच दुसरे संकट उभे राहिले. बेळगावच्या नगरपालिकेस कारखान्याच्या जागी नवी वस्ती वसवावयाची होती. जागा सोडण्याचा हुकूम झाला. नवी जागा घ्यावयास पैसा नाही, यंत्रे न्यावी कोठे? अशा वेळी औंध संस्थानाशी असलेला संबंध कामास आला. (हे औंध सातारा जिल्ह्यातील, आमच्या जिल्ह्यातील औंढा नागनाथ नव्हे. परीक्षेत हा घोटाळा दर वर्षी होतो.) तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. लक्ष्मणराव औंधास सभामंडपाच्या कामात गुंतलेले असता त्यांची अडचण राजेसाहेबांस कळली, आणि त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन व दहा हजार रुपये कर्ज देऊ केले. रंग ओळखता न आल्यामुळे ज्याची चित्रकला सुटली, त्यास एका चित्रकार राजाने हात द्यावा, हे आम्हांस मोठे मौजेचे वाटते.

आमच्या त्या विद्यार्थ्यास ही हकीकत सांगितली, तेव्हा त्याने विचारले, की राजा भेटला नसता तर? हा प्रश्न आम्ही टाळत नाही. राजा भेटला नसता तर कदाचित किर्लोस्करवाडी झाली नसती. मेहनत करणारे त्या काळी पुष्कळ होते. दहा हजारांचे कर्ज व जमीन सर्वांस मिळाली नाही. एवढे मात्र खरे, की राजेसाहेबांनी पैसा दिला तो एका बोलघेवड्यास नव्हे. ज्याचे नांगर शेतात चालताना दिसत होते, अशा मनुष्यास दिला.

१० मार्च १९१० रोजी त्या माळावर वस्ती सुरू झाली. जमीन ओसाड, निवडुंगाने भरलेली, आणि नागांचा सुळसुळाट. सोबतचे लोकही पदवीधर नव्हते. रामूअण्णांनी वसाहतीचा कारभार पाहिला. शंभूराव जांभेकर यंत्रांचे जाणकार. अनंतराव फळणीकर ह्यांनी शाळा अर्ध्यावर सोडलेली, पण कल्पक असे की नवी जुळणी चटकन सुचावी. मंगेशराव रेगे हिशेब ठेवीत. परीक्षेत न चमकलेले के. के. कुलकर्णी व्यवस्थापनात चमकले. दरोड्याची शिक्षा भोगून आलेल्या दोघांस लक्ष्मणरावांनी राखणीचे काम दिले व ते शेवटपर्यंत विश्वासू राहिले. अस्पृश्यता त्यांनी वसाहतीत मानली नाही. मनुष्य पूर्वी काय होता ह्यापेक्षा तो आता काय करू शकतो, हे पाहण्याची त्यांची दृष्टी होती. आणि शाळामास्तर ह्या नात्याने आम्हांस ह्या चरित्रातील हीच गोष्ट सर्वांत अवघड वाटते. कच्च्या मुलास वर्गात मागच्या बाकावर बसविणे किती सोपे असते!

पुढची वर्षेही पैशाच्या ओढीचीच गेली. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले. परदेशी माल येईनासा झाला, म्हणून देशी वस्तूंस मागणी वाढली. परंतु लोखंड व कोळसा मिळणेही कठीण झाले. गिऱ्हाईक दारात आणि भट्टी थंड, असा तो पेच. १९२० साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ची मर्यादित कंपनी झाली. पुढे मंदी आली. शेतमालाचे भाव पडले, की नांगराचा खप पडतो. कारण शेतकऱ्याच्या हाती पैसा असला तरच नांगरवाल्याच्या पेटीत येतो. तेव्हा ऊस पिळण्याचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, पाण्याचे पंप, इतकेच नव्हे तर लोखंडी टेबल-खुर्च्याही कारखान्यातून निघू लागल्या. ज्या भट्टीत फाळ होत होता तिला काही ना काही काम मिळत राहिले. सायकलीच्या दुकानाने एकाच वस्तूवर व एकाच वर्गाच्या ग्राहकावर विसंबण्यातील धोका दाखविला होता, त्याचा विसर दोघा भावांस पडला नव्हता, असे आमचे मत आहे. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून आल्यावर कामास नवा जोर आला व पुढे हरिहर, पुणे, बंगळूर येथे कारखाने निघाले.

१९४८ सालच्या आरंभी, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत, किर्लोस्करवाडीस आग लावण्यात आली. लक्ष्मणराव त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. माळावरून उभे केलेले डोळ्यांदेखत जळाले. पण कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचा अंत झाला. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीस भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल-तिकीट काढले. बेळगावात जेथे दुकान होते तो रस्ता किर्लोस्कर रस्ता म्हणून ओळखला जातो.

सायकलीची कथा मात्र त्यांच्याबरोबर संपली नाही. त्याच १९५६ साली पंजाबात लुधियाना येथे मुंजाळ बंधूंनी हिरो सायकलींचा कारखाना सुरू केला. सुटे भाग विकता विकता ते सायकल करू लागले होते, आणि १९८६ साली त्यांचा कारखाना जगात सर्वांत अधिक सायकली करणारा ठरला. साहेबाचे खेळणे शेतमजुराच्या व दूधवाल्याच्या घरी पोहोचले. दुसरीकडे, १९५१ साली सोनिपतला निघालेल्या ॲटलस कंपनीचा साहिबाबाद येथील कारखाना पैशाअभावी ३ जून २०२० रोजी बंद झाला, आणि शेकडो कामगार एका दिवसात घरी बसले. तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता.

ज्या मुलाच्या प्रश्नावरून हे लिहावयास घेतले, त्याचे वडील आता फवारणीचे पंप दुरुस्त करतात. पावसाळ्यात काम बरे असते, उन्हाळ्यात नसते. दुकानातील जुने पाने व पंक्चरची पेटी त्यांनी विकलेली नाही.