डोंगरावर चित्रे मांडणारा राजा

औंध म्हटले की बहुतेकांना पुण्यातले औंध आठवते. इथे ज्या औंधाबद्दल लिहायचे आहे ते सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले, यमाईच्या डोंगराखालचे गाव. एके काळी ही एका छोट्या संस्थानाची राजधानी होती. त्या गादीवर १९०९ मध्ये बसलेल्या भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे नाव आज सूर्यनमस्कारांमुळे माहीत आहे. पण आरोग्याच्या दृष्टीने त्यांनी आणखी एक गोष्ट केली आणि तिची चर्चा फारशी होत नाही. खेड्यातल्या माणसाने बायकापोरांसह दिवसभर जावे, चढावे, बघावे आणि ताजेतवाने होऊन परतावे, अशी जागा त्यांनी बांधून ठेवली.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. राजाचा मुलगा असला तरी गादी आपल्याकडे येईल अशी अपेक्षा त्यांना नव्हती. वडीलभाऊ होते, पुतण्या होता. त्यामुळे ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, बी. ए. झाले आणि मन रमवायला चित्रकला व कीर्तन घेऊन बसले. कीर्तन त्यांनी आयुष्यभर केले. राजा कमरेला उपरणे बांधून प्रजेसमोर उभा राहतो आणि आख्यान लावतो, हे दृश्य त्या काळीही नवलाचे होते. पुढे भाऊ वारला, पुतण्याला इंग्रज सरकारने गादीवरून दूर केले आणि वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी राज्य यांच्याकडे आले.

राज्य म्हणजे तरी काय? बहात्तर गावे, तीही सलग नाहीत. औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे, आटपाडी माणदेशाच्या दुष्काळी पट्ट्यात आणि गुणदाळ तर थेट विजापूरकडे. उत्पन्न बेताचे. पण तिथे एक जमीन त्यांनी १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी दिली आणि कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. माणूस ओळखण्याची नजर त्यांना होती, एवढे यावरून कळते.

व्यायामाचे वेड मात्र राज्याच्याही आधीचे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युजीन सँडो या युरोपीय मल्लाचा जगभर बोलबाला होता. बाळासाहेबांनी १८९७ च्या सुमारास त्याची पुस्तके आणि साधने मागवली आणि सुमारे दहा वर्षे इमानाने त्याच पद्धतीने व्यायाम केला. स्नायू आले, छाती भरली. तरी त्यांचे समाधान होईना. वजने लागतात, जागा लागते, पैसे लागतात, आणि हे सगळे राजाला जमले तरी आटपाडीच्या मेंढपाळाला कसे जमणार? मग ते लहानपणापासून पाहिलेल्या सूर्यनमस्कारांकडे वळले. त्याला खर्च नाही, साधन नाही. सहा-सात फूट जमीन पुरते.

त्यांनी नमस्काराची दहा आसनांची ठरावीक मालिका बसवली, प्रत्येक आसनाला श्वासाचा नियम लावला, मराठीत आणि इंग्रजीत पुस्तके लिहिली, चित्रफीत काढवली आणि संस्थानातल्या शाळांच्या वेळापत्रकात नमस्कार आणले. आज योगवर्गांत साधारणपणे बारा आकड्यांचा नमस्कार शिकवतात, त्यात आणि औंधच्या दहा आकड्यांत थोडा फरक आहे, पण गाभा एकच. राणीसाहेबही नमस्कार घालत आणि पुस्तकात त्यांची छायाचित्रे होती. राजघराण्यातल्या बाईने व्यायाम करताना छायाचित्र काढू द्यावे, याला त्या काळात धैर्य लागत होते. बायकांना व्यायामाची गरज पुरुषांइतकीच असते, हे सांगण्याचा याहून सरळ मार्ग नव्हता.

१९३६ मध्ये ते इंग्लंड आणि युरोपच्या दौऱ्यावर गेले. वय सदुसष्ट. म्हाताऱ्या राजाची ताठ पाठ आणि तकाकी पाहून लंडनच्या एका दैनिकाची बातमीदार लुईस मॉर्गन चकित झाली. तिने त्यांच्याकडून सगळी पद्धत समजून घेतली, वृत्तपत्रात लेख लिहिले आणि १९३८ मध्ये लंडनला त्याचे पुस्तकही निघाले. पाश्चात्त्य जगात सूर्यनमस्कार पोचवण्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे.

आता शास्त्राच्या बाजूने दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. नमस्कारात पुढे वाकणे, मागे वळणे, हातांवर शरीराचा भार पेलणे असे सगळे येते. त्यामुळे पाठीचा कणा, मांडीच्या मागचे स्नायू, खांदे यांना एकत्र काम मिळते, आणि वेग वाढवला तर हृदयाचे ठोकेही चांगले वाढतात. इथवर बाळासाहेब बरोबर होते. पण प्रत्येक नमस्काराबरोबर उच्चारायच्या बीजमंत्रांच्या कंपनांनी आतल्या अवयवांना मालीश होते, असेही ते मानत. याला आजच्या वैद्यकात पुरावा नाही. मंत्र म्हणताना श्वास लांब सुटतो, लय सापडते, मन थाऱ्यावर येते, एवढे म्हणता येईल. आहाराबाबत त्यांनी सडलेल्या तांदळाऐवजी कोंड्यासह तांदूळ, मैद्याऐवजी सबंध धान्य, ताज्या भाज्या आणि दूध यांचा आग्रह धरला. तो सल्ला आजच्या आहारतज्ज्ञालाही मान्य होईल. रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनी, काचबिंदू असलेल्यांनी, पाठीची चकती सरकलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नमस्कार सुरू करू नयेत, ही टीप त्यांच्या पुस्तकापेक्षा आजच्या काळाला जास्त लागू आहे.

याच सुमारास त्यांच्या आयुष्यातले दुसरे मोठे काम पुरे झाले. औंधच्या डोंगराच्या अंगावर, यमाईच्या मूळपीठाच्या वाटेवर त्यांनी १९३८ मध्ये श्रीभवानी चित्रसंग्रहालय उघडले. आयुष्यभर जमवलेली चित्रे, शिल्पे, हस्तिदंती आणि चंदनी कलाकुसर त्यांनी वाड्यात कुलूपबंद ठेवली नाही. मुंबई-पुण्यासारख्या शहरात नेऊनही ठेवली नाही. जिथे खेड्यापाड्यांतली माणसे देवीच्या दर्शनाला तशीही येतात, त्याच वाटेवर मांडली. राजा रविवर्मांची ‘सैरंध्री’ आणि ‘दमयंती’ तिथे आहेत. बाबूराव पेंटर आहेत, धुरंधर आहेत, जुनी लघुचित्रे आहेत, युरोपीय नामांकित चित्रांच्या नकला आहेत. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. रामायणावर त्यांनी चित्रमालिका काढली होती आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठी पैसा आणि चित्रे दोन्ही दिली होती. त्यामुळे काय ठेवायचे, कुठे ठेवायचे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

या संग्रहात एक वस्तू अशी आहे की पहिल्यांदा पाहणारा थबकतो. दगडात कोरलेली आई आणि मूल, नाक-डोळे जेमतेम सुचवलेले. ते हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे काम. मूर यॉर्कशायरमधल्या कोळसा खाणकामगाराचा मुलगा. त्याच्याच परगण्यात, ब्रेटन नावाच्या जुन्या जहागिरीच्या मोकळ्या रानात १९७७ पासून शिल्पांचे एक उद्यान आहे. सुट्टीच्या दिवशी इंग्रज कुटुंबे शिदोरी घेऊन तिथे जातात, मूरच्या भल्यामोठ्या शिल्पांभोवती मेंढ्या चरत असतात आणि पोरे गवतावर धावतात. त्या शिल्पकाराचे एक काम आपल्या माणदेशाच्या उंबरठ्यावर बाळासाहेबांनी त्याच्या तिशी-चाळिशीतच आणून ठेवले होते.

इंग्लंडात अशा सहली आज सहज वाटत असल्या तरी त्या भांडून मिळालेल्या आहेत. तिकडे माळराने आणि डोंगर जमीनदारांच्या मालकीचे. १९३२ च्या एप्रिलमध्ये मँचेस्टरकडच्या कामगार तरुणांनी किंडर स्काउट या डोंगरावर बंदी मोडून चढाई केली आणि त्यातले काही तुरुंगात गेले. रविवारी मोकळ्या हवेत चालायचा हक्क हवा, एवढीच मागणी. जुने वाडे आणि जहागिऱ्या लोकांसाठी राखणारी नॅशनल ट्रस्ट ही संस्था १८९५ मध्ये निघाली होती, पण मालकांनी आपले वाडे तिच्याकडे सोपवावेत यासाठी कायद्यातली वाट १९३७ मध्ये मोकळी झाली. औंधच्या राजाने त्याच्या पुढच्याच वर्षी आपण होऊन संग्रह लोकांपुढे ठेवला. दुष्काळी संस्थानात चित्रांवर पैसा घालणे योग्य होते का, असा प्रश्न तेव्हाही कोणी विचारला असता तर तो गैर नव्हता. माझे मत विचाराल तर, एकट्याने बघण्यासाठी चित्रे जमवणारे संस्थानिक पुष्कळ झाले, आणि त्यांच्या चित्रांचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

शिवाय पुढच्या काही महिन्यांत या राजाने जे केले त्यापुढे हा प्रश्न लहान ठरतो. नोव्हेंबर १९३८ मध्ये, सत्तरीच्या वाढदिवसाच्या सुमारास, त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले. मुलगा अप्पासाहेब ऑक्सफर्डहून परतला होता आणि मॉरिस फ्रीडमन हा पोलिश अभियंता औंधात येऊन राहिला होता. दोघांनी गांधीजींचा सल्ला घेतला आणि जानेवारी १९३९ मध्ये ग्रामपंचायतींवर उभी असलेली राज्यघटना अमलात आली. राजाच्या खासगी खर्चालाही मर्यादा पडली. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंती नाहीत, बेड्या नाहीत, शेती करायची आणि कुटुंबासह राहायचे. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ची कल्पना तिथूनच आली. माणसाला मोकळी हवा, काम आणि घरची माणसे मिळाली की तो सुधारतो, ही बाळासाहेबांची समजूत नमस्कारापासून तुरुंगापर्यंत एकच दिसते.

आता उमापूरकडे येऊ. गेवराई तालुक्यातल्या या भागातून कुटुंबाची सहल म्हणजे बहुधा पैठण. नाथांचे दर्शन, जायकवाडीचे धरण, ज्ञानेश्वर उद्यान आणि संध्याकाळी घर. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर असा दिवस वर्षात एखादाच निघतो. औंध तसे एका दिवसात उरकण्यासारखे नाही. पण शाळांच्या सहली एसटीने सातारा-कोल्हापूरकडे जातात, तेव्हा औंध वाटेतून थोडे आत राहून जाते. गुरुजींनी आखणी करताना ते जरूर धरावे.

सहल म्हणजे चैन, असे आपल्याकडे मानतात. आरोग्याच्या हिशेबात ती चैन नाही. प्रौढ माणसाने आठवड्यात दीडशे मिनिटे तरी दम लागेल इतपत हालचाल करावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि एका दिवसाच्या डोंगरचढीत त्यातला मोठा वाटा सहज उरकतो. लहान मुलांचा मुद्दा वेगळाच. घराबाहेर, दिवसाच्या उजेडात रोज दोनेक तास घालवणाऱ्या मुलांना लांबचे न दिसण्याचा चष्मा लागण्याची शक्यता कमी होते, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. उजेडामुळे डोळ्याच्या पडद्यात डोपामीन हे द्रव्य जास्त सुटते आणि बुबुळामागचा गोल अवाजवी लांबत नाही, असे त्याचे कारण मानले जाते. एका सहलीने हे साधणार नाही हे उघड आहे, पण मोबाइल सोडून बाहेर पडायची गोडी तिथूनच लागते.

घरातली म्हातारी माणसे बरोबर असतील तर एक लक्षात ठेवावे. चढताना दम लागतो, पण गुडघ्यांवर जास्त ताण उतरताना येतो. शरीराचे वजन रोखून धरण्यासाठी मांडीचा पुढचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत काम करतो, म्हणून दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. काठी घ्यावी, सावकाश उतरावे, गुडघे दुखत असतील तर वर गाडीने जावे. सकाळी लवकर निघावे, पाणी जवळ असावे. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी देवीला चढू नये, दर्शनाआधी चार घास खाल्ले म्हणून देवी रागावत नाही.

संग्रहालयातही पाय दुखतात आणि डोके जड होते, आणि ते आळसामुळे नव्हे. १९१६ मध्ये बॉस्टनच्या गिलमन यांनी या थकव्याचा अभ्यास केला होता. वस्तू बघायला सारखे वाकावे लागते, मान वर करावी लागते, दर क्षणी नव्या गोष्टीकडे लक्ष वळवावे लागते. म्हणून सगळे बघण्याचा अट्टहास नको. पोरांना प्रत्येकी दोन चित्रे निवडायला सांगावे, त्यांच्यासमोर निवांत उभे राहावे, मग बाहेर येऊन भाकरी सोडावी. चित्रांवर मोबाइलचा झोत मात्र टाकू नये. प्रकाशाने रंग विटतात आणि विटलेला रंग परत येत नाही. जलरंगांची जुनी चित्रे तर पन्नास लक्सच्या आसपासच्या मंद उजेडातच ठेवावीत असा संग्रहालयशास्त्राचा दंडक आहे. भर उन्हातला उजेड याच्या हजारपट आणि त्याहूनही जास्त असतो.

१९४८ च्या मार्चमध्ये औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. बाळासाहेबांनी तक्रार केल्याचे दिसत नाही, राज्य तर त्यांनी नऊ वर्षांपूर्वीच देऊन टाकले होते. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी ते वारले. अप्पासाहेब पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले आणि लंडनला भारताचे उच्चायुक्त म्हणूनही राहिले. संग्रहालय डोंगरावर जिथे होते तिथेच आहे. औंधात संगीत महोत्सवाला, यमाईच्या यात्रेला जाणारे लोक अजून त्याच वाटेने चढतात.