थडगं आधी, भाषा नंतर

कॅम्पस प्लेसमेंट झालं, ट्रेनिंग सुरू झालं आणि तुम्हाला नेमकं मेनफ्रेमच्या बॅचमध्ये टाकलं, तर पहिला विचार काय येईल? कोबोल? ती मेली नाही अजून?

हा प्रश्न ती जन्मायच्या आधीपासून विचारला जातोय, बरं का. १९५९ मध्ये अमेरिकेत सगळ्या कंपन्यांच्या कम्प्युटरवर चालेल अशी व्यवसायाची एकच भाषा बनवायला समिती बसली. काम इतकं रेंगाळलं, की हॉवर्ड ब्रॉमबर्ग या सदस्याने वैतागून चक्क थडग्याचा संगमरवरी दगड विकत घेतला, त्यावर कोबोल हे नाव कोरलं आणि समितीच्या प्रमुखांना धाडून दिला.

त्या भाषेमागे सगळ्यात मोठा हात होता ग्रेस हॉपर यांचा. जन्म १९०६, न्यूयॉर्क. सातव्या वर्षी गजराचं घड्याळ आतून कसं चालतं ते बघायला बाईंनी घरातली सात घड्याळं खोलली होती. १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएचडी, मग प्राध्यापकी. महायुद्धात नौदलात जायचं ठरवलं, तर वय जास्त आणि वजन कमी! तरी शिरल्याच. तिथून थेट हार्वर्डच्या मार्क वन या अवाढव्य यंत्रावर.

१९५२ मध्ये त्यांनी कम्पायलर बनवला. यंत्राने स्वतःच प्रोग्राम जुळवायचा, ही कल्पना तेव्हा बऱ्याच जणांना पटली नाही. पुढे त्यांनी इंग्रजी शब्दांत आज्ञा देता येणारी फ्लो-मॅटिक भाषा आणली. कोबोल उभी राहिली ती प्रामुख्याने हिच्या पायावर. त्यांना कोबोलची आई म्हणतात, पण प्रत्यक्ष मसुदा लिहिणाऱ्या गटात त्या नव्हत्या. आजी म्हटलं तर जास्त बरोबर.

गंमत पुढे आहे. साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्या हॉपरबाईंना नौदलाने १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. त्या राहिल्या १९ वर्षं! काम काय? प्रत्येक कंपनीची कोबोल आपापल्या वाटेने जाऊ नये म्हणून मानकं लावणं, ती पाळली जातात का हे तपासणारे प्रोग्राम बनवून घेणं. थोडक्यात, भाषेला उड्या मारू न देणं. आणि याच बाईंच्या ऑफिसात उलटं फिरणारं घड्याळ होतं, कारण पूर्वीपासून असंच चालत आलंय हे कारण त्यांना अजिबात खपायचं नाही.

विसंगती वाटते ना? मला नाही वाटत. पायथनमध्ये ०.१ अधिक ०.२ करून बघा, शेवटी कुठेतरी एक आगंतुक ४ दिसेल. कोबोल पैशांचा हिशेब दशांशातच ठेवते. असे पगार आणि बँकखाती सांभाळणारे जुने प्रोग्राम नव्या आवृत्तीने मोडले, तर ती आवृत्ती कोण घेणार? म्हणून १९८५ नंतरचं पूर्ण मानक एकदम २००२ मध्ये आलं, मग २०१४, मग २०२३. कोरोनाच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरनी कोबोल येणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर हाक दिली. भाषा जिवंत होती, जाणकार निवृत्त झाले होते.

हॉपर १ जानेवारी १९९२ ला गेल्या. १९९९ ची शेवटची रात्र बघायची त्यांची फार इच्छा होती. वर्ष दोनच आकड्यांत लिहिणाऱ्या जुन्या प्रोग्राम्समुळे त्या रात्री जगभरच्या बँकांचा जीव टांगणीला लागला होता. त्यातले कितीतरी प्रोग्राम कोबोलमधले, आणि ते दुरुस्त करायला बसलेल्यांत आपल्याकडची पोरं भरपूर होती. तुमच्या ट्रेनिंगमधले मेनफ्रेमचे सर कदाचित त्यांच्यातलेच असतील, विचारून बघा.

तो दगड आता कॅलिफोर्नियातल्या कम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे.