गारपिटीने गहू नेला, पुढे चिलटं भेटली!

वसमतच्या बाजारात जास्त पिकलेल्या केळीभोवती घोंगावणारी बारकी चिलटं तुम्ही हाताने हाकलता ना? डॉ. ओबैद सिद्दिकी यांनी आयुष्याची जवळपास चाळीस वर्षं त्यांच्या संगतीत काढली. (शेतकऱ्यांना ताप देणारी फळमाशी वेगळी बरं का. हे चिलट म्हणजे ड्रोसोफिला, झूलॉजीवाल्यांना नाव पाठ असेलच.)

सिद्दिकींचा जन्म 1932 चा, उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यातला. अलिगढला बॉटनी शिकले आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत गव्हाच्या आनुवंशिकतेवर काम करायला लागले. प्रयोगाचं पीक शेतात उभं होतं आणि गारपीट झाली. गारपीट काय करते, हे मराठवाड्यातल्या पोरांना सांगायला नको. इथे तर पिकासोबत संशोधनही गेलं, आणि पुन्हा पेरायचं म्हणजे पुढचा हंगाम येईपर्यंत वाट बघायची. सिद्दिकी सूक्ष्मजीवांकडे वळले. ते काचेच्या बशीत वाढतात, पिढ्याही झटपट मिळतात. ग्लासगोला गुइदो पोंटेकोर्वो यांच्याकडे त्यांनी एका बुरशीच्या जनुकावर पीएचडी केली, 1961 मध्ये.

मग अमेरिका. जनुकात बिघाड होऊन नको तिथे पूर्णविराम पडला की प्रथिन अर्धवट राहतं. असे काही बिघाड दुसऱ्याच जनुकातल्या बदलाने झाकले जातात, हे त्यांनी आणि अॅलन गॅरन यांनी 1962 मध्ये जिवाणूंवर दाखवलं. जनुकांच्या भाषेतले पूर्णविराम ओळखायला याची पुढे मोठी मदत झाली. वय किती? तीस.

त्याच वर्षी ते मुंबईत आले. लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञांनी होमी भाभांकडे त्यांचं नाव सुचवलं होतं. भाभांची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर, ही फिजिक्स-मॅथ्सवाल्यांची जागा. तिथे सिद्दिकींनी मॉलिक्युलर बायोलॉजीचा विभाग उभा केला. जिवाणूंवरचं काम जोरात चाललं, नाव झालं.

आणि चाळिशीच्या आसपास त्यांनी विषयच बदलला. परदेश सोडून भारतात येणाऱ्यांचं आपण कौतुक करतो, पण मला हा निर्णय जास्त अवघड वाटतो. पहिल्या वेळी गारपिटीने भाग पाडलं होतं. या वेळी सगळं नीट चाललेलं असताना, नव्या विद्यार्थ्यासारखं पहिल्या पानापासून सुरू करायचं होतं. प्रश्न होता मेंदूचा: जनुकात एक बिघाड केला तर वागणं कसं बदलतं?

त्यासाठी ते कॅलिफोर्नियात सेमूर बेंझर यांच्याकडे गेले. तिथल्या काही माश्या साध्या तापमानाला अगदी ठणठणीत असायच्या. तापमान वाढवलं की लुळ्या पडायच्या, गार केलं की सावरायच्या. म्हणजे माशी मेलेली नाही, नेमकं काहीतरी बंद पडतंय. दोघांनी त्यांच्या शरीरातले विजेचे संदेश मोजले तेव्हा कळलं, गडबड मज्जासंस्थेत आहे. हे काम 1976 मध्ये प्रसिद्ध झालं. यातल्या 'पॅरा' नावाच्या जनुकाचं कोडं पुढे इतरांनी सोडवलं. मज्जातंतूत सोडियमचे कण आत सोडणारं दार हेच जनुक बनवतं. माणसातही अशी जनुकं आहेत आणि त्यांतल्या बिघाडामुळे काही प्रकारची फिट येते.

मुंबईत परतल्यावर वास आणि चव हे विषय घेतले. सोबत होत्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज. कुटुंब गोव्याचं, जन्म केनियाचा, शिक्षण डब्लिनमध्ये. सिद्दिकींचं संशोधन वाचून त्यांनी थेट पत्र लिहिलं आणि टीआयएफआर गाठलं. (आवडलेल्या शास्त्रज्ञाला मेल करायला लाजणाऱ्यांनी नोंद घ्यावी!) माश्यांना दुहेरी फाटा असलेल्या नळीत सोडायचं, एका फाट्यात वास, दुसऱ्यात साधी हवा, आणि कोण कुठे जातं ते मोजत बसायचं. ज्यांना ठरावीक वास येतच नाही अशा माश्या यातून वेगळ्या काढल्या. वास ओळखण्यामागची जनुकं शोधायला त्या कामी आल्या.

साठीच्या सुमारास सिद्दिकींनी बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाच्या जागेवर नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस उभारलं. संचालकपद सोडल्यावरही ते लॅबमध्येच दिसायचे. जुलै 2013 मध्ये रस्त्यात एका मोपेडची धडक बसली आणि 26 जुलैला ते गेले. वय होतं 81. माश्यांवरचं काम तोपर्यंत चालूच होतं.