जीभ बंद पडलेले शिक्षक : इमाम गझाली आणि रमजानची तयारी



माझ्या चौथीच्या वर्गात रमजान महिन्यात दोन-तीन मुलं तरी एखाद-दुसरा रोजा धरून येतात. त्या दिवशी त्यांचा रुबाब काही वेगळाच असतो! मागच्या वर्षी अशाच एका मुलीला दुपारी घरी न्यायला तिची आजी आली होती. गप्पांमध्ये त्या म्हणाल्या की आमच्याकडे रमजानची तयारी रजब महिन्यापासूनच सुरू होते. मला वाटलं शेवया, खजूर, नवे कपडे. तसं मी बोलूनही गेले. त्या हसल्या. ती तयारी बाजारात होते, मी मनाच्या तयारीबद्दल बोलतेय, असं त्यांनी मला समजावलं.

ही मनाची तयारी म्हणजे नेमकं काय, हे शोधता शोधता मी एका शिक्षकाच्या चरित्रापाशी येऊन थांबले. साडेनऊशेहून अधिक वर्षांपूर्वी इराणात जन्मलेले आणि बगदादमध्ये नावारूपाला आलेले इमाम अबू हामिद मुहम्मद गझाली. त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली तीही एका रजब महिन्यात. म्हणून आजचा पाठ त्यांच्यावर.

आधी थोडं कालगणनेबद्दल, वर्गात सांगताना उपयोगी पडेल. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं आणि ते साधारण ३५४ दिवसांचं असतं. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. रजब सातवा महिना, शाबान आठवा आणि रमजान नववा. आपण ज्याला शब-ए-बरात म्हणून ओळखतो ती रात्र शाबानच्या मध्यावर येते. म्हणजे रमजानच्या आधीचे हे दोन महिने उंबरठ्यासारखे आहेत.

गझालींचा जन्म १०५८ सालचा, खोरासान प्रांतातल्या तूस गावचा. आजच्या नकाशात हे ठिकाण ईशान्य इराणमध्ये मशहद शहराजवळ सापडतं. शाहनामा लिहिणारे फिरदौसीही याच तूसचे. गझालींचे वडील लोकर कातून विकायचे असं सांगतात. स्वतः फार शिकलेले नसले तरी मुलांनी शिकावं ही त्यांची तळमळ होती. मरताना त्यांनी दोन्ही मुलांना, मुहम्मद आणि धाकटा अहमद यांना, एका सूफी मित्राच्या हवाली केलं, सोबत होती नव्हती ती पुंजी दिली. पैसे संपले तेव्हा त्या मित्राने मुलांना स्पष्ट सांगितलं की आता मदरशात जा, तिथे विद्यार्थ्यांना जेवण मिळतं. पोटासाठी शाळेत आलेली ही दोन मुलं पुढे जगाला माहीत झाली. दुपारच्या खिचडीसाठी शाळेत येणारी मुलं आपण रोज बघतो, त्यामुळे ही गोष्ट वाचताना मी जरा थांबलेच.

लहानपणीची आणखी एक गोष्ट परंपरेने सांगितली जाते. गुर्गानहून शिकून परतताना वाटेत दरोडेखोरांनी त्यांना लुटलं. बाकी सगळं घ्या पण माझ्या वह्या द्या, त्यांत माझी सगळी विद्या आहे, अशी विनवणी त्यांनी केली. टोळीचा नायक हसला. वह्या गेल्या की जी जाते ती कसली विद्या, असा त्याचा सवाल होता. वह्या त्याने परत केल्या, पण तो सवाल गझालींच्या डोक्यातून गेला नाही. पुढची तीन वर्षं त्यांनी त्या वह्या पाठ करण्यात घालवली.

नंतर निशापूरला अल्-जुवैनी या मोठ्या विद्वानाकडे ते शिकले. १०८५ साली गुरू वारले, तेव्हा गझाली सेल्जुक साम्राज्याचे वजीर निजाम-उल्-मुल्क यांच्याकडे गेले. वजिराच्या दरबारात विद्वानांचे वादविवाद रंगायचे आणि हा तरुण त्यांत सगळ्यांना भारी पडायचा. १०९१ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्यांची बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक म्हणून नेमणूक झाली. त्या काळात शिक्षकाला यापेक्षा मोठं पद नव्हतंच म्हणा ना. समोर तीनशे विद्यार्थी बसायचे. खलिफाच्या दरबारात मान होता, अंगावर उंची वस्त्रं होती.

पुढच्याच वर्षी, १०९२ च्या रमजान महिन्यात, निजाम-उल्-मुल्कची हत्या झाली. काही आठवड्यांतच सुलतान मलिकशाहही गेला. ज्यांच्या आधाराने आपण उभे आहोत ते खांब असे पडताना गझालींनी पाहिले. तरी त्यांचं शिकवणं आणि लिहिणं जोरात चालू होतं. तत्त्वज्ञांच्या मतांचं खंडन करणारा त्यांचा गाजलेला ग्रंथ याच काळातला.

आणि मग आला हिजरी ४८८ चा रजब, म्हणजे १०९५ चा जुलै.

पुढे लिहिलेल्या आत्मचरित्रात गझालींनी या महिन्यांबद्दल कसलाही आडपडदा न ठेवता लिहिलं आहे. त्यांनी स्वतःच्या कामाकडे पाहिलं. आपलं सगळ्यात चांगलं काम कोणतं? तर शिकवणं. मग हे शिकवणं आपण कशासाठी करतो? प्रामाणिकपणे तपासलं तेव्हा हाती आलं ते असं की यात देवाचं काही नाही, नाव आणि मान मिळावा म्हणून चाललं आहे. अशा नियतीने शिकवत राहणं म्हणजे ढासळत्या कड्यावर उभं राहणं आहे, असं त्यांना वाटू लागलं. सकाळी ठरवायचं की सगळं सोडून निघायचं आणि संध्याकाळी तो बेत मोडायचा. एवढं पद, एवढी प्रतिष्ठा, ती सोडली तर पुन्हा मिळेल का, ही भीती. हे जवळजवळ सहा महिने चाललं.

शेवटी शरीरानेच निर्णय दिला. त्यांची जीभ बंद पडली. एखाद्या दिवशी तरी विद्यार्थ्यांच्या समाधानासाठी शिकवावं म्हणून ते बसायचे, पण तोंडातून शब्द निघत नसे. पाठोपाठ जेवण सुटलं. घास गिळवेना, पाणीसुद्धा गोड लागेना. वैद्य आले आणि त्यांनी हात टेकले. हा आजार मनातून शरीरात उतरला आहे, मनाचा भार हलका झाल्याशिवाय औषध लागू पडणार नाही, असं त्यांचं निदान होतं.

एकदा माझा घसा आठवडाभर बसला होता. फळ्यावर लिहून आणि हातवारे करून मी वर्ग चालवला, तरी तिसऱ्या दिवशी रडकुंडीला आले होते. गझालींचा तर घसा ठणठणीत होता. बंद पडलं होतं ते वेगळंच काही. आपल्यापैकी ज्यांनी दहा-पंधरा वर्षं नोकरी केली आहे त्यांना हे फार समजावून सांगायला नको.

आता महिने मोजून बघा. रजबमध्ये सुरू झालेली ही घालमेल शाबानमधून गेली. सप्टेंबरच्या सुमारास रमजान आला आणि गेला. आणि जिल्काद महिन्यात, म्हणजे नोव्हेंबर १०९५ मध्ये, गझाली बगदादमधून बाहेर पडले. ज्या काळात इतर लोक रमजानची तयारी करतात, त्या काळात या माणसाची जीभ आणि भूक दोन्ही त्याच्या ताब्यात राहिली नव्हती. उरला होता तो फक्त नियतीचा प्रश्न.

निघताना त्यांनी मक्केला जातो असं सांगितलं, कारण खरा बेत कळला असता तर खलिफाने आणि मित्रांनी जाऊ दिलं नसतं. मनात होतं शामला, म्हणजे आजच्या सीरियाकडे जायचं. मुलाबाळांच्या पोटापुरतं बाजूला ठेवून बाकीची संपत्ती त्यांनी वाटून टाकली. वर्गाची जबाबदारी धाकट्या अहमदने घेतली.

दमास्कसच्या मोठ्या मशिदीच्या मनोऱ्यात ते चढायचे, आतून दार लावून घ्यायचे आणि दिवसभर एकटे बसायचे. नंतर जेरुसलेम. मग हेब्रॉनला हजरत इब्राहिम यांच्या कबरीपाशी त्यांनी शपथ घेतली की यापुढे कुठल्या राजाच्या दरबारात जाणार नाही, राजाचा पैसा घेणार नाही आणि जिंकण्यासाठी वादविवाद करणार नाही. तिथून हज करून, बऱ्याच भटकंतीनंतर ते तूसला परतले. एकांताची ही वर्षं एकूण अकरा झाली.

याच वर्षांतला त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे इह्या उलूम-उद्-दीन. चार भाग आणि चाळीस प्रकरणं. पुढे त्याचंच सोपं, आटोपशीर रूप त्यांनी फारसीत लिहिलं, ते कीमिया-ए-सआदत. इह्यामधलं एक अख्खं प्रकरण रोज्यावर आहे, आणि त्या आजी काय म्हणत होत्या ते मला तिथे कळलं.

गझालींनी रोज्याच्या तीन पायऱ्या मांडल्या आहेत. पहिली सगळ्यांना माहीत असलेली, पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत खाणंपिणं आणि वासना यांपासून दूर राहणं. दुसरी पायरी डोळे, कान, जीभ, हात आणि पाय यांच्या रोज्याची. तिसरी मनाची. देवाखेरीज दुसऱ्या कशाकडे मन वळलं तरी तो रोजा त्या पातळीवर टिकत नाही, इतकी ती कडक आहे.

त्यांनी सर्वाधिक जागा दिली आहे दुसऱ्या पायरीला. आपल्यासारख्यांना जमण्याजोगी तीच आहे. नजर आवरायची. खोटं, चहाडी, भांडण, वायफळ बडबड यांपासून जीभ आवरायची. जे बोलू नये ते ऐकूही नये, म्हणून कान आवरायचे. हात आणि पाय चुकीच्या कामाला आणि चुकीच्या जागी जाऊ द्यायचे नाहीत. कष्टाने मिळवलेल्या अन्नापासून दिवसभर दूर राहायचं आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या हक्काचं खायचं, याला त्यांनी एक वाडा बांधून सगळं शहर पाडणाऱ्या माणसाची उपमा दिली आहे.

खाण्याबद्दल तर ते अगदी घरातल्या वडीलधाऱ्यांसारखे रागावतात. लोक वर्षभर चांगलेचुंगले पदार्थ रमजानसाठी साठवून ठेवतात आणि एरवी कित्येक महिन्यांत खात नाहीत एवढं या एका महिन्यात खातात, अशी त्यांची तक्रार आहे. दिवसा राहिलेलं रात्री भरून काढलं तर वासना कमी कशी होणार? उलट ती जास्त पोसली जाते. दिवसभर झोपून वेळ काढू नका, भूक लागलेली कळू द्या, असंही ते सांगतात. (आपल्याकडच्या उपवासाच्या ताटाची आठवण झाली ना? साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचे लाडू. मलाही झाली.)

शेवटची अट मला सगळ्यांत जास्त आवडली. रोजा सोडल्यावर मन आशा आणि भीती यांच्यामध्ये लटकत राहिलं पाहिजे. आपला रोजा स्वीकारला गेला की नाही हे आपल्याला ठाऊक नाही. पेपर देऊन बाहेर आलेल्या मुलासारखं हे. ज्याने एके काळी तीनशे जणांसमोर कधीच हार मानली नव्हती, त्या माणसाने ही अट घालून दिली आहे.

मुलांबद्दलही त्यांनी लिहून ठेवलं आहे. समज आल्यावर मुलांना रमजानमधले काही दिवस रोजा धरायला लावावा, म्हणजे हळूहळू सवय होते. सगळा महिना एकदम लादायला ते सांगत नाहीत. मदरसा सुटल्यावर मुलाला खेळू द्या, कायम अभ्यासाला जुंपलं तर त्याचं मन मरतं आणि बुद्धी मंदावते, हेही त्यांचंच. पहिल्यांदा चूक झाली तर कानाडोळा करा, चारचौघांत लाज काढू नका. डी.एड.ला बालमानसशास्त्राच्या पेपरात आम्ही हेच लिहायचो, फक्त तिथे नावं युरोपातली असायची.

एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांना विचारलं होतं की इतकं शिकलो, आता यातलं माझ्या उपयोगाचं काय? त्याला गझालींनी एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यात रानात सिंह समोर आलेल्या एका माणसाचा दाखला आहे. त्याच्याकडे दहा तलवारी आहेत, त्याही हिंदुस्तानी बनावटीच्या. पण त्याने त्या चालवल्याच नाहीत तर सिंह थांबेल का? आपल्याकडच्या पोलादाचं नाव तेव्हा तिथपर्यंत पोचलेलं होतं, हे वाचून बरं वाटलं.

११०६ साली निजाम-उल्-मुल्कच्या मुलाने, तोही वजीर होता, आग्रह करून त्यांना निशापूरच्या निजामियात शिकवायला आणलं. राजापासून दूर राहण्याची शपथ आणि हे पद यांचा मेळ कसा बसवायचा, यावर तेव्हाही टीका झाली असणार. गझालींनी स्वतः मात्र फरक सांगितला आहे. आधी मान मिळवून देणारं शिकवत होतो, आता मान सोडायला लावणारं शिकवतो, असा त्याचा आशय. मला हे उत्तर पूर्ण पटतं असं नाही. पण वर्ग सोडून गेलेला माणूस अकरा वर्षांनी पुन्हा वर्गात आला, ही गोष्ट मला त्यांच्या एकांताइतकीच मोठी वाटते.

निशापूरला ते फार काळ राहिले नाहीत. तूसला घराशेजारी त्यांनी एक लहानसा मदरसा आणि सूफींसाठी खानकाह बांधली. कुराण वाचायचं, साधकांसोबत बसायचं, मुलांना शिकवायचं, असा दिवस वाटलेला असे. शेवटच्या दिवसांत हा एवढा मोठा विद्वान स्वतः विद्यार्थी होऊन हदीसचा अभ्यास करत होता.

१८ डिसेंबर ११११ रोजी, सोमवारी, ते गेले. पहाटेची नमाज पढून त्यांनी स्वतःचं कफन मागवलं, ते डोळ्यांना लावलं आणि किब्ल्याकडे तोंड करून आडवे झाले, असं त्यांच्या भावाने सांगितल्याचं नोंदलेलं आहे. मागे मुलीच होत्या. हिजरी तारीख होती १४ जमादिलाखर ५०५. रजबचा चंद्र दिसायला पंधरा-सोळा दिवस राहिले होते.